तिसऱ्यांदा विचारलं की

मर्ना हॉगनची पँट कंबरेत सैल पडली आणि त्याच दिवसापासून आर्डिस लिंडग्रेनच्या पोटात दुखायला लागलं.

वास्तविक मर्नाला चालायला लावलं होतं ते आर्डिसनंच. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, डुलुथच्या हिवाळ्यात, बाहेर बर्फावर चालायचं म्हणजे हाडं मोडून घ्यायची, म्हणून म्हातारी मंडळी मॉलमध्ये चालतात. दुकानं दहाला उघडतात, पण चालणाऱ्यांसाठी दारं सकाळी सातलाच उघडी असतात. बंद शटरांसमोरून एकामागोमाग फेऱ्या मारायच्या, आणि प्रत्येक टोकाच्या भिंतीला हात लावूनच वळायचं. मधूनच वळणाऱ्याला कुणी बोलत नाही. नुसतं बघतात, आणि ते पुरतं.

आर्डिस अडुसष्ट वर्षांची. दूधदुभत्याच्या शेतावर वाढलेली, आणि एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण रांधलेली. लोणी कधी वजनकाट्यावर घातलं नाही, डोळ्यांनीच मोजलं. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "साखर वाढली आहे. मार्चपर्यंत उतरली नाही, तर इन्शुलिनची सुई." नवऱ्याच्या, म्हणजे ऑर्व्हिलच्या, हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीत दोन वर्षांपूर्वीच नळी बसवलेली होती. आर्डिसनं पदर खोचला. अर्थात तिच्याकडे पदर नव्हता, पण खोचला. सकाळी ओट्स, दुपारी मसुराचं सूप, रात्री अर्ध्या ताटात भाजी. सायीचं सूप आणि खिम्यावर बटाटे रचून भाजलेली हॉटडिश घरातून हद्दपार झाली. ऑर्व्हिल आधी कुरकुरला, पण जानेवारीनंतर एका शब्दानं नाही. हे तिला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मर्ना शेजारीण. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, दिवसभर टीव्हीसमोर बसून गोल झालेली. आर्डिसला तिची दया आली, हे खरंच. पण मर्नाशेजारी चालताना आपण बारीक दिसू, हाही विचार मनात नव्हता असं मी म्हणणार नाही.

जानेवारीपर्यंत मर्ना वीस पौंड उतरली. आर्डिस चार.

चर्चच्या तळघरात रविवारच्या कॉफीला बायका मर्नाभोवती गोळा झाल्या. पाद्र्यांच्या बायकोनं तर तिच्याकडे मसुराच्या सूपची कृती मागितली. ते सूप आर्डिसनं शिकवलेलं! मर्ना तसं म्हणालीसुद्धा, पण ते ऐकायला तिथं कुणी थांबलं नव्हतं. घरी जेवताना ऑर्व्हिल म्हणाला, "मर्ना आता ओळखूच येत नाही, नाही का?"

"भाजी घे," आर्डिस म्हणाली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

आणि मग बुधवारी तिनं लिंबाच्या वड्या केल्या. तळाला लोण्याचा थर, वर लिंबाचा, त्यावर साखरेची पांढरी भुकटी. एकही तोंडात टाकली नाही, बोटसुद्धा चाटलं नाही. ताट घेऊन थेट मर्नाच्या दारात.

आमच्याकडे पाहुणचाराचा एक कायदा आहे, तो कुठं लिहिलेला नाही. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं, न घेतलं तर अपमान. आणि पहिलाच नकार खरा धरणारा माणूस एक तर कंजूष असतो, नाही तर परराज्यातला. आर्डिसची सगळी भिस्त या कायद्यावर होती.

"अगं मर्ना, थोड्या वड्या केल्यात."

"छे गं, कशाला! आत्ताच तर चालून आलोय."

"घे गं, एवढ्याशाच आहेत."

"उगाच तुझ्या ऑर्व्हिलच्या तोंडचा घास."

"मर्ना, घे बघू."

"बरं, तू इतकं म्हणतेस तर." मर्नानं ताट घेतलं.

पुढं दर बुधवारी वड्या. कधी लिंबाच्या, कधी शेंगदाण्याच्या लोण्याच्या. दर बुधवारी तीनदा आग्रह, आणि दर बुधवारी ताट आत. आठवडे उलटले, पण मर्ना बारीकच होत गेली. फेब्रुवारीअखेर तिनं जांभळे बूट घेतले. मॉलच्या काचांत ते बूट पुढं पुढं जाताना दिसायचे, आणि मागून आर्डिस. बाई खाते आणि जातं कुठं, ह्या विचारानं आर्डिसची झोप उडाली. देवाला नावं ठेवणारी बाई नव्हे ती, पण त्या दिवसांत तिनं ठेवली.

मार्चमध्ये नवराबायको दोघं तपासणीला गेले. आधी आर्डिस. साखर चक्क उतरली होती! सुईचं नाव नको. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, आता बसू दे मर्नाला जांभळे बूट घालून. मग ऑर्व्हिलची पाळी. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, ऑर्व्हिलला बघितलं, पुन्हा कागद बघितला.

"अकरा पौंड वाढलेत. रक्तातली चरबीही. ती नळी पुन्हा तुंबायला वेळ लागणार नाही. हे खातात काय?"

"ओट्स!" आर्डिस ओरडली. "ओट्स आणि भाजी! मी स्वतः वाढते!"

ऑर्व्हिल मांडीवरच्या टोपीतले धागे बघत बसला.

गाडी आर्डिस चालवत होती. तिनं टेकडीवरून गाडी खाली आणली. मग ऑर्व्हिल म्हणाला, "मी बुधवारी दुपारी मर्नाच्या दारातला बर्फ काढायला जातो ना."

"मग?"

"मग ती कॉफी देते. आणि वड्या."

"कसल्या वड्या?"

"तुझ्याच गं. मला काय तुझा हात ओळखू येत नाही? तिला खायच्या नाहीत, आणि टाकवत नाहीत. सगळं ताट माझ्यापुढं सरकवते."

"मग नको म्हणायचं!"

"म्हटलं की. दोनदा म्हटलं."

आर्डिसनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. याला आपल्या हातानं आपण मरणाकडे ढकलत होतो, दर बुधवारी, लोणी डोळ्यांनी मोजून. हे कळलं, आणि तरीही तोंडातून आधी निघालं ते भलतंच.

"आणि ती काय करते, तू खातोस तेव्हा?"

"सफरचंद खाते. पातळ पातळ काप करून. म्हणते, समोर कुणी जेवताना दिसलं की बरं वाटतं."

ते पातळ काप आर्डिसच्या काळजाला लागले. नऊ बुधवार! नऊ बुधवार हा तिच्या टेबलाशी बसला होता, आणि आपण घरी ओट्स भिजत घालत होतो.

"एक कळत नाही," ऑर्व्हिल म्हणाला. "तिचं एवढं पथ्य तुलाच माहीत, मग तू तिला वड्या का देत होतीस?"

आर्डिसनं काचेवरची धूळ हातमोज्यानं पुसली. धूळ बाहेरच्या बाजूला होती.

"तिच्या दारात फावडं मारता येतं तुला," ती शेवटी म्हणाली. "माझ्याबरोबर चालायला यायला काय झालं होतं?"

"तू एकदाच विचारलंस."

तो रागानं म्हणाला नाही. ते जास्त झोंबलं. ऑक्टोबरात तिनं विचारलं होतं, तो म्हणाला होता, "नको, तुम्ही जा," आणि ती गेली होती. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं कुणाचाही पहिला नकार कधी खरा धरला नव्हता. तोच एक धरला. मर्नाला आधीच बोलावून बसली होती, आणि गेलेल्या नवऱ्याची आठवण निघाली की मर्नाचे डोळे भरायचे, आणि ऑर्व्हिल खिशात स्वच्छ रुमाल बाळगणारा माणूस. म्हणून त्याला घरी ठेवलं. बाकी काही कारण नव्हतं.

"उद्या येतोस चालायला?" तिनं विचारलं.

"छे, तुम्हा बायकांत मी कुठं."

"ये रे."

"माझे बूट जुने झालेत."

तिसऱ्यांदा विचारायचं बाकी होतं. डोळ्यांसमोर जांभळे बूट, आणि त्यांच्या जोडीनं ऑर्व्हिलचे जुने. विचारलं तर ते बघावं लागणार. नाही विचारलं तर... डॉक्टरीणबाईंनी दोनदा बघितलेला तो कागद तिच्या पर्समध्येच होता.

"ऑर्व्हिल, चल," ती म्हणाली. आवाज फाटला.

"बरं, तू इतकं म्हणतेस तर."

तिनं नाक पुसलं आणि गाडी सुरू केली.

"पण मधे मी चालणार," ती म्हणाली. "तिच्या आणि तुझ्या मधे."