भट्टीत भाजलेला रेडिओ

पूर्णेत एकदा आवई उठली की बन्सीधरनं रेडिओ भट्टीत भाजून खाल्ला.

खाल्ला हे खोटं. भाजला हे खरं. आमची भिंत त्याच्या भिंतीला लागून. त्याच्या घरात फोडणी कशाला पडली हे त्याच्या आधी मला कळतं. रेडिओला पडली असती तर वास आला असता.

बन्सीधर मूळचा रेल्वेतला, टेलिफोन दुरुस्त करणारा. निजामाच्या काळात नोकरीला लागला. निजाम गेला तरी ह्याची नोकरी गेली नाही. मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला त्याच्या पुढच्या साली ह्यानं ती आपल्या हातानं सोडली. का, तर कंपनी काढायची. 'मराठवाडा वायरलेस कंपनी'. पाटी दुकानापेक्षा रुंद. तिचं एक टोक शेजारच्या न्हाव्याच्या दारावर जायचं, त्यामुळे दाढीची गिऱ्हाइकं कंपनीत शिरायची. कंपनीत माणसं दोन, बन्सीधर आणि त्याची बायको दैवशाला. मालक कोण हे पाटीवर नव्हतं, पण भिंतीपलीकडून मोठा आवाज कुणाचा यायचा ते मला ठाऊक होतं.

त्या दिवसांत गावोगावच्या चावडीत सगळ्यांनी मिळून ऐकायचे रेडिओ आले होते. दिवाळीला ते खणखणीत बोलायचे, चैत्रात खरखरायचे आणि वैशाखात मुके व्हायचे. बन्सीधर म्हणायचा, "हे समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेलं यंत्र हाय, भाऊ. आतल्या तारांच्या गुंडाळीवर मेण असतंय. आपल्या उन्हात ते पाघळतंय, वर काळी धूळ बसती, की खेळ खलास." ह्यावर त्याची तजवीज अशी, की मेणाच्या जागी बांगड्यांची लाख. दैवशाला वाती वळाव्यात तशी तार गुंडाळायची आणि वर लाख चढवायची.

माल पारखायला उन्हाळ्याची वाट कोण बघणार? आधी लिंबाजी ड्रायव्हरच्या इंजिनात, कोळशाजवळ बांधून, रेडिओ नांदेडला फिरवून आणला. मग पाव काढून झाल्यावर दस्तगीर नानबाईच्या भट्टीत ठेवला. बॅटरी बाहेर, रेडिओ आत. दस्तगीरला सांगायचं तेवढं राहिलं. तो भट्टी झाडायला आला, झाकण काढलं, तर आत एक बाई तान घ्यायलेली! "भट्टीमें कोई गारा रे!" ओरडत तो थेट स्टेशनात. आवईचा जन्म तिथला.

रेडिओ भट्टीत गायला म्हणून बन्सीधर हवेत. पण दैवशालानं त्याला खाली आणलं.

"अवो, रेल्वेच्या साहेबानं तुमची जागा पावसाळ्यापर्यंत रिकामी ठेवलीय. एक रेडिओ खेड्यातल्या चावडीत ठेवा. पाडव्यापासून मिरगापर्यंत बोलत राहिला तर कंपनी चालवू. मुका झाला तर पाटी उतरवा अन् मुकाट रुजू व्हा."

बन्सीधरनं मान हलवली. त्या घरात त्याच्या मानेला दुसरं काम नव्हतंच. पण रात्रंदिवस दुसऱ्याचे टेलिफोन पुसायला परत जायचं ह्या विचारानंच त्याचा चेहरा उतरायचा, हे मी पाहिलेलं आहे.

माझी बहीण धुरपता बोरीत दिलेली, चावडीसमोरच तिचं घर. मी शब्द टाकला आणि रेडिओ बोरीला गेला. चैत्र सुखात गेला. वैशाख अर्धा सरला आणि निरोप आला, रेडिओनं मौन धरलंय.

आम्ही दोघं निघालो. परभणीपर्यंत रेल्वे, पुढं मोटार. डब्यात गार्डनं विचारलं, "काय बन्सीधर, परत रुजू कधी?" तो खिडकीबाहेर बघत राहिला. माझ्या जिभेवर एक झकास टोमणा आला होता. गिळला. आयुष्यात एवढा एकच गिळला असेल.

चावडीत बघतो तर रेडिओ रांजणासारखा ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, आणि माझी बहीण तांब्यानं वर पाणी शिंपडायलेली!

"धुरपते, काय करायलीस गं?"

"दादा, लय तापायला लागला होता बिचारा. इतकं बोलून घसा सुकंल न्हाई का? सगळं गाव पाळीपाळीनं पाणी घालायलंय."

बन्सीधर मटकन खाली बसला. "आक्का, उन्हाला पुरंल असा केला मी त्याला, आगीला पुरंल असा केला. तुमी त्याला आंघोळ घालताल हे मात्र ध्यानातच आलं न्हाई."

त्यानं रेडिओ उघडला. आतून पाण्याची धार लागली. बोटानं गुंडाळ्या चाचपल्या. लाख शाबूत होती. मग तो उठला आणि भर दुपारी सगळं बिऱ्हाड चावडीच्या पत्र्यावर मांडलं.

गावचे पाटील दिनकरराव धावत आले. "अहो, एवढ्या उन्हात? जीव जाईल त्याचा!"

"न्हाई पाटील, आज ऊनच त्याचं औषध हाय."

"निर्दयी हाय गं बाई ह्यो दादाचा शेजारी," म्हणून धुरपतानं डोळ्याला पदर लावला. गाव लिंबाखाली बसून सुतकी तोंडानं पत्र्याकडं बघत राहिलं. बन्सीधर डोक्यावर पंचा घेऊन रेडिओशेजारीच उन्हात बसला.

दिवस कलल्यावर जोडणी झाली. बटण फिरवलं. काही नाही. त्यानं घामेजला हात धोतराला पुसला, पुन्हा फिरवलं. खरखर झाली. मग सर्दी झाल्यासारख्या आवाजात कुणीतरी कापसाचा भाव सांगायला लागलं. भाव पडला होता, पण गावानं टाळ्या वाजवल्या. धुरपताचा हात सवयीनं तांब्याकडं गेला. दिनकररावांनी तांब्या काढून घेतला आणि गोणपाट रांजणाला परत केलं. बन्सीधरनं असा श्वास सोडला की मला वाटलं मोटारीचं चाक बसलं.

मृग निघाला त्या दिवसापर्यंत बोरीचा रेडिओ बोलत होता. मधले मुके दिवस दैवशालानं धुरपताच्या तांब्याच्या नावावर टाकले आणि साहेबाला कळवलं, जागा भरून टाका. मग स्वतः पाटी धुऊन काढली आणि न्हाव्याच्या दारावरून जरा अलीकडं सरकवली.

संध्याकाळी बन्सीधर ओसरीत पाय पसरून बसला होता. मी विचारलं, "काय कंपनीवाले, भाजून झालं, बुडवून झालं, वाळवून झालं. आता काही पारखायचं राहिलं का?"

तो म्हणाला, "एक राहिलंय, भाऊ. आठ दिवस तुमच्या घरात ठेवतो. तुमच्यापुढं त्याला एक शब्द बोलायला सापडला, तर त्यो कुठंबी टिकंल."