खाइमिंगच्या प्रोसेसरसाठी बोर्ड

लाइ च्यूश्या माझ्या गाळ्यावर पहिल्यांदा एकटी आली, तेव्हा चिनी नववर्षाची सुट्टी संपून तैपेईचं ग्वांगहुआ कॉम्प्युटर मार्केट नुकतंच उघडलं होतं. तिला मी ओळखत होतो, पण नवऱ्याच्या मागे उभी राहणारी बाई म्हणून. तिचा नवरा तंग खाइमिंग माझं जुनं गिऱ्हाईक. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने पळवायचा, ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, त्याचं त्याला वेड. तो माझ्याशी तासन्‌तास बोलत बसायचा आणि ती स्कूटरचं हेल्मेट हातात धरून, या पायावरून त्या पायावर भार टाकत मागे उभी असायची.

त्या दिवशी तिने पुदिन्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी काउंटरच्या काचेवर ठेवली. आत फोमच्या तुकड्यात खाइमिंगचा प्रोसेसर होता.

"काओ शेठ, याला बसेल असा मदरबोर्ड द्या."

"वहिनी, खाइमिंग कुठाय?"

"वहिनी म्हणू नका. तो तिकडेच राहिला, समुद्रापलीकडे, तोंगक्वानला. तिथल्या कारखान्यात नोकरी आहे, आता घरही झालंय. बाईसकट."

मी चहा पुढे केला. तिने कप उचलला, खाली ठेवला, परत उचलला आणि न पिताच शेजारच्या गाळ्यावरच्या केबली बघायला गेली. परत आली ती बोलतच. वर्षअखेरच्या जेवणाला तिने मासा वाफवून ठेवला होता. त्याचा फोन आला. म्हणाला, मी येत नाही, पुढच्या वर्षीही येणार नाही. मग जरा थांबला. तिला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"आणि काय बोलला माहितीये? 'ड्रॉवरमध्ये माझा प्रोसेसर आहे, तेवढा कुरियरने पाठव. मधे हात लावू नकोस, कडेने धर.' बस! नववर्षाच्या रात्री रस्त्यावरचा परका माणूससुद्धा विचारतो, जेवलात का म्हणून."

"मग पाठवणार नाहीस?"

"आधी पळवणार. त्याने कितीपर्यंत नेला होता?"

ते मला पाठ होतं, कारण तो आकडा खाइमिंगने सगळ्या मार्केटला ऐकवला होता. "चार पॉइंट सहा गिगाहर्ट्झ."

"मला चार पॉइंट सात पाहिजे. आणि बोर्ड स्वस्तातला हवा. तो माझ्या पार्लरच्या कमाईतून महागडे बोर्ड आणायचा आणि जाळायचा. मी स्वस्तातल्यावर करून दाखवणार."

मी तिला पुष्कळ सांगून पाहिलं. राग आला तर भांडी फोड, प्रोसेसर विकून टाक, पण या नादाला लागू नकोस. तिचं लक्षच नव्हतं. तिने एव्हाना भिंतीवरचा रंगीबेरंगी दिव्यांचा एक बोर्ड उतरवला होता.

"हा चांगला दिसतोय. स्वस्तही आहे."

"ती रात्रबाजारातली रोषणाई आहे. दिवे प्रोसेसरला पळवत नाहीत. स्वस्तातले बहुतेक बोर्ड मुळातच कुलूपबंद असतात. कंपनीचा वेग तेवढा देतात, पुढे काटा हलू देत नाहीत. तुला कुलूप नसलेला हवा."

"मग कुलूप नसलेला द्या."

"थांब ना जरा. प्रोसेसरच्या खाचेशेजारी हे काळे चौकोन दिसतात? वीज यांच्यातून जाते. वेग वाढवला की वीज जास्त लागते आणि हे तापतात. त्यांच्यावर ॲल्युमिनियमची जाड पट्टी नसेल, तर..."

वर बघतो तर ती निघून गेलेली. पलीकडच्या रांगेतल्या पोराटोरांच्या दुकानात तिचं हेल्मेट दिसत होतं. कुलूप नसलेला सगळ्यात स्वस्त बोर्ड तिने तिथून घेतला. पट्टीबिट्टी काही नव्हती त्याला.

च्यूश्याचं असंच होतं. ती यीलानच्या एका खेड्यातून कोवळ्या वयात तैपेईला आली. छत्र्यांच्या कारखान्यात लागली, ते सोडलं. बसमध्ये तिकिटं फाडली, तेही सोडलं. केस कापायचं काम तेवढं टिकलं, कारण त्यात दिवसभर उभं राहायचं असतं आणि दर थोड्या वेळाने डोकं बदलतं. नदीपलीकडे सानचुंगला तिने स्वतःचं पार्लर काढलं. तिला बसून जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. नूडल्सचा वाडगा हातात घेऊन ती दारात उभी राहायची आणि रस्त्यावरच्या स्कूटरींशी बोलावं तशी येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची. खाइमिंग नेमका उलटा. एकदा खुर्चीत बसला की बसला. मागच्या खोलीत त्याचं मशीन होतं आणि तिने तिकडे पाय टाकला की तो ओरडायचा, "केस! केस आणू नकोस आत, पंख्यात जातात!"

काही दिवसांनी ती परत आली, तो स्वस्त बोर्ड पिशवीत घालून. चेहरा लालबुंद.

"चार पॉइंट चारवर नेला की जरा वेळ पळतो, मग धापा टाकतो. वेग आपोआप खाली! हा काय प्रकार आहे?"

"तेच सांगत होतो तेव्हा. पट्टी नाही म्हणून ते चौकोन भाजतायत. बोर्ड स्वतःला वाचवतोय. वीजच आखडती घेतो."

"वाचवायला कुणी सांगितलं त्याला?"

मी हसलो, ती हसली नाही. खालच्या कपाटातून मी एक जुना खोका काढला. कोपरा फाटलेला, गेल्या वर्षीचं मॉडेल. बोर्डाचा रंग कॉफी सांडून वाळल्यासारखा, म्हणून कुणी घेत नव्हतं. दिवा एकही नाही. पण कुलूप नव्हतं, आणि विजेच्या चौकोनांवर दोन चांगल्या जाड पट्ट्या होत्या.

"ई! हा तर माझ्या सासऱ्यासारखा दिसतो," ती म्हणाली.

"दिसू दे. तुझ्या ऐपतीत याहून बरा मिळणार नाही. आणि यापुढे मात्र सांगतो तसं कर. वेग एक पायरी वाढवायचा, चाचणी लावायची, टिकला तरच पुढची. वीज वाढवताना तर अजून जपून. खाइमिंग तिथेच घाई करायचा."

ती गेली, पण मलाच चैन पडेना. म्हणून केस कापून घ्यायच्या निमित्ताने एका दुपारी पूल ओलांडून मी सानचुंगला गेलो. थंडीची लाट आली होती, नदीवरून ओला वारा सुटला होता, आणि पार्लरचं पुढचं नि मागचं, दोन्ही दारं सताड उघडी. आतल्या बायका कोट घालून बसलेल्या.

मागच्या खोलीत टेबलावर बोर्ड उघडाच मांडला होता. केस सुकवायचा ड्रायर टॉवेलांच्या गठ्ठ्यात खोचून तिने गार हवेचा झोत त्या पट्ट्यांवर सोडला होता. दारावर ओला पडदा लावला होता, केस आत उडू नयेत म्हणून. ती पुढे एका बाईच्या डोक्याला रंग लावायची, मधेच हातमोजे काढून मागे पळायची, आकडा बघायची, परत यायची.

"किती झालं?" मी विचारलं.

"साडेचार टिकलं. चार पॉइंट सहाला स्क्रीन निळी होते आणि मशीन बंद पडतं."

"विजेची एक पायरी वाढव. एकच."

आरशासमोर हू आजी बसल्या होत्या, च्यूश्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. डोक्यावर चांदीच्या कागदाच्या घड्या, मांडीवर गरम पाण्याची बाटली.

"अगं ए, मला न्यूमोनिया होऊन मेल्यावर दारं लावणार आहेस का?"

"आजी, थोडंच राहिलंय. गार हवा लागते त्याला."

"नवरा होता तेव्हा त्याला नव्हतीस एवढी जपत."

"नवऱ्याने हवा मागितली नाही कधी. बाहेर जाऊन खाऊन आला."

बायका खदखदून हसल्या. च्यूश्या मात्र तोवर मागे पोचली होती. या वेळी ती बराच वेळ बाहेर आली नाही. मीही आत जाऊन तिच्या खांद्यावरून बघत राहिलो. चार पॉइंट सहावर मशीन थरथरलं, पण बंद पडलं नाही. स्क्रीनवर चाचणीची रेघ हळूहळू पुढे सरकत होती आणि ती एका जागी उभी राहून नखं कुरतडत होती.

बाहेरून हू आजींची किंकाळी आली.

रंग ठेवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. कागद काढले तर आजींचे केस पिकलेल्या पर्सिमनच्या फळासारखे भगवे झालेले.

"च्यूश्या! माझं डोकंपण ओव्हरक्लॉक केलंस का गं?"

च्यूश्याने तोंडावर हात धरला. आजींना खुर्चीत बसवलं, माफी मागितली, पुन्हा केस धुतले, वरून गडद रंग लावला. तेवढा सगळा वेळ तिचे डोळे मागच्या पडद्याकडे होते. आजी आरशातून ते बघत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "जा, बघून ये काय झालंय ते. नाहीतर माझा कान कापशील."

चार पॉइंट सात तिने गाठलं ते त्या आठवड्याच्या शेवटी. मला फोन करून बोलावलं. मी पोचलो तेव्हा चाचणी संपत आली होती, पट्ट्या हाताला चटका देत होत्या, ड्रायर घरघरत होता. चाचणीची रेघ टोकाला पोचली. आकडा तसाच उभा राहिला. मी टाळी वाजवली.

तिने स्क्रीनकडे पाहिलं, झाडू उचलला आणि खोली झाडायला लागली.

"अगं, झालं ना!"

"झालं."

"मग? खाइमिंगला फोटो पाठव."

"पाठवते." ती टेबलाखाली झाडत राहिली. मग कंबर सरळ करून म्हणाली, "शेठ, मला वाटलं होतं, झालं की आतलं शांत होईल. नाही झालं हो."

फोटो तिने पाठवला नाही.

पितरांची थडगी साफ करायच्या सणाला खाइमिंग गावी आला, आणि घटस्फोटाच्या कागदावर सह्या करायला पार्लरमध्ये. दोन साक्षीदार लागतात. च्यूश्याने हू आजींना आणि मला बोलावलं. मला अवघडल्यासारखं झालं, कारण इतकी वर्षं मी त्याच्याशीच बोलत आलो होतो. तो जाड झाला होता. नवीन चपला, नवीन घड्याळ. मला बघून मान डोलावली, आजींना बघून नजर चुकवली.

"कागद आणलायस?" तिने विचारलं.

"आणलाय. माझं सामान पण घेऊन जातो." तो सवयीने मागच्या खोलीकडे वळला. पडदा सारला आणि तिथेच थांबला.

मशीन चालू होतं. ते तिने मुद्दाम ठेवलं होतं की नाही, मला माहीत नाही. तो आत गेला, आपल्या जुन्या खुर्चीत बसला आणि स्क्रीनजवळ तोंड नेलं.

"हे चार पॉइंट सात दाखवतंय."

"हो."

"माझाच प्रोसेसर?"

"तुझाच."

"चाचणी?"

"पूर्ण झाली. काओ शेठ होते समोर."

तो वाकून बोर्ड बघायला लागला. बोटाने पट्टी चाचपली, चटका बसला तसा हात मागे घेतला. मग वळला. त्याचे डोळे चमकत होते. तो आल्यापासून त्याचा इतका जिवंत चेहरा मी पाहिला नव्हता.

"कोणता बोर्ड आहे हा? कुठून आणलास? वीज किती लावलीस गं?"

च्यूश्या दारात उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा ती अजिबात हलत नव्हती. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार.

"हेच विचारायचंय तुला?" ती म्हणाली.

"म्हणजे काय? एवढ्या फडतूस बोर्डावर..."

"ए गाढवा!" हू आजी आरशासमोरून गरजल्या. "बाई कशी आहेस, विचार आधी!"

खाइमिंगने एकदा आजींकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "कशी आहेस?" तो म्हणाला. आणि बोलता बोलता त्याची नजर परत स्क्रीनवर गेली.

च्यूश्या फस्सकन हसली. खोटं नाही, पोट धरून हसली. हसता हसता डोळे पुसले, ते पाणी कसलं होतं देव जाणे. तिने पुढे होऊन मशीन बंद केलं, बोर्ड गार होऊ दिला, प्रोसेसरवरचा पंखा सोडवला, प्रोसेसर कडेने धरून उचलला, पुसला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"घेऊन जा. बोर्ड माझा आहे, तो मिळणार नाही. कोणता ते तू शोध."

"काओ शेठ सांगतील की."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मलाच कळलं नाही. जुनं गिऱ्हाईक तिथेच तुटलं. वाईट वाटलं थोडं.

सह्या झाल्या. ते दोघं नोंदणी कार्यालयात गेले, मी बसने परत आलो.

त्यानंतर ती बरेच दिवस दिसली नाही. पार्लरला कुलूप होतं. हू आजींनी फोनवर सांगितलं की ती एकटीच स्कूटर घेऊन आपल्या अख्ख्या बेटाला फेरी मारायला गेली आहे, किनाऱ्याकिनाऱ्याने. सामानात म्हणे फक्त रेनकोट आणि कात्र्या. वाटेत एका खेड्यात मुक्काम पडला तर तिथल्या बायकांचे केस कापून दिले.

परत आली ती थेट माझ्या गाळ्यावर. नाकाची साल निघालेली, हात काळवंडलेले. पूर्व किनाऱ्यावरच्या ताइतुंगची सीताफळं तिने काचेवर ओतली.

"खा, शेठ. आत्ताच खा, मऊ झालीत."

मी एक फोडलं. "बस ना. चहा टाकतो."

ती बसली. खरोखर बसली, स्टुलावर, दोन्ही पाय जमिनीला टेकून. मला बरं वाटलं.

"त्या बोर्डाचं काय करणारेस आता?" मी विचारलं.

"त्याला बसेल असा दुसरा प्रोसेसर आहे का? साधा. माझ्या नावावरचा."

"वेग?"

"बघू. अजून ठरवलं नाही." तिचा गुडघा हलायला लागला होता. "तिकडे पूर्वेला एक जागा बघून आलेय, समुद्राजवळ. पार्लर तिकडे हलवलं तर? बायकांना केस कापायला कुणी नाही तिथे. की इथलंच वाढवू? तुम्हाला काय वाटतं?"

मी चहा कपात ओतून मान वर केली तर स्टूल रिकामं. पलीकडच्या रांगेत कुणीतरी नवीन पंखे मांडले होते, आणि ती त्यातला एक कानाजवळ धरून त्याचा आवाज ऐकत होती.