रोजचं चायनीज

मंगळागौरीच्या ग्रुपमधून नाव काढून घ्यायचं मी ठरवलं, तेव्हा श्रावणाला महिना राहिला होता. पन्नाशी गाठल्यापासून अंगातून अशा वाफा उठायच्या, की नऊवारीत दोन फुगड्या घातल्या की मी ओलीचिंब. पाळी जातेय हे सांगायची लाज वाटायची. पण पंधरा वर्षं मी त्या रिंगणात होते; ते सोडायचं अगदी जिवावर आलं होतं.

त्यात नणंद सिंगापूरहून आली. तिथल्या चिनी वैद्याच्या दुकानातून तिने माझ्यासाठी पुड्या आणल्या. वाळलेल्या मुळ्यांचे काप, उकळून प्यायचे. चव विचारूच नका. मी रोज नाक दाबून पेलाभर घ्यायचे. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वास पार जिन्यापर्यंत जायचा.

आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. गेटवर कुणीतरी विचारलं, वहिनी हल्ली दिसत नाहीत. हे म्हणाले, "बरं नसतं तिला. रोज चायनीज घेते."

संध्याकाळी ग्रुपमधल्या थोरल्या काकू दारात हजर. "अगं, रोज चायनीज? त्या नाक्यावरच्या गाडीवरचं? मग घाम फुटेल नाहीतर काय!"

हसू दाबत मी त्यांना गॅसवरचं पातेलं दाखवलं आणि काय ते सांगून टाकलं. काकूंनी मागचं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "मी तर फ्रीज उघडून उभी राहायचे गं. ह्यांना वाटायचं, दूध शोधतेय!" दोघी पोट धरून हसलो. नाव काढायचा विषय तिथेच मिटला. पुढच्या सरावाला दहातल्या सातजणींनी आपापली कहाणी सांगितली.

बीपी तपासायला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी मात्र पुडी हातात घेऊन विचारलं, "ह्यात आहे काय?" वरचं एकही चिनी अक्षर मला वाचता येईना. माझी बीपीची गोळी चालू, म्हणून त्यांनी काढा बंद करून रीतसर औषध दिलं. काढा गेला, शब्द राहिला. सरावात कुणाला वाफ आली की ती ओरडायची, "चायनीज!" आणि सगळ्या थांबायच्या.

ठाण्याच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. ऐन झिम्म्यात माझी मान तापली, पाय अडखळले. एवढ्या लोकांसमोर तोंडातून शब्द फुटेना. शेजारून काकूच कडाडल्या, "चायनीज!" रिंगण थांबलं. खोचलेले पदर सोडून सगळ्या मला वारा घालू लागल्या.

लोकांना वाटलं, नवा खेळ आहे. टाळ्या पडल्या, वन्स मोअर आला. दुसऱ्या वेळी ओरडले ती मी.