बिनतारीवाल्याची पोर

पलूसजवळच्या त्या गावात घरटी एक फौजी. तरी दादासोंना मान कमी, कारण त्यांनी फौजेत नोकरीभर निरोपांचं बिनतारी यंत्र सांभाळलं, गोळी कधी झाडली नाही. त्यांची मुलगी क्रांती पुण्यात रोगप्रतिकारशक्तीवर संशोधन करते. तिचा सत्कार झाला, तेव्हा अध्यक्ष होते दादासोंच्याच पलटणीतले निवृत्त सुभेदार लालासाहेब.

क्रांतीनं आपलं काम समजावून सांगितलं. मॅक्रोफेज पेशी जंतूला जागच्या जागी गिळतात. फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या डेंड्रायटिक पेशी मात्र जंतूचा तुकडा घेऊन काखेत, मानेत असतात तसल्या लसिकागाठींत जातात आणि तिथल्या पेशींच्या फौजेला शत्रू ओळखायला शिकवतात. तिचं संशोधन ह्या दुसऱ्या पेशींवर.

लालासाहेब म्हणाले, "त्या गिळणारीवर काम कर की पोरी. लढणारी ती हाय. ही तुझ्या बापागत नुसती निरोप्या."

मंडप हसला. दादासोंनी मान खाली घातली. क्रांतीनं सत्काराची शाल बापाच्या खांद्यावर टाकली आणि पुन्हा माइक धरला.

"व्हय आबा, माझ्या बापागतच हाय. म्हणून तर हिच्यावर जन्म काढणार हाय मी. हिचा निरोप न्हाई गेला, तर फौज झोपूनच ऱ्हाती. तुमी लढाईतनं जिवंत परत आला ते कुणाच्या निरोपावर, तेवढं सांगा की मंडपाला."