तिची चाल, माझी चाल

ही गोष्ट मी बायकोजवळही कधी काढली नाही. ती माझ्या आधी गेली, आणि जाईपर्यंत तिला वाटत होतं की आपला नवरा म्हणजे लालबागेतला सगळ्यात मोठा नट. तिचं काही चुकत नव्हतं. मी होतोच. तेव्हा आधीच सांगून ठेवतो — मान खाली घालून बोलणार नाही. मान खाली घालायची सवय मला फक्त नऊवारी नेसल्यावर होती.

येत्या गणपतीत मंडळाची पोरं आमचं जुनं नाटक पुन्हा बसवताहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळचं, मोर्चात मुलगा गेलेल्या आईचं. परवा चौघेजण घरी आले आणि म्हणाले, अण्णा, शेवटच्या प्रवेशातली तुमची चाल आमच्या नटीला शिकवा. तुमची चाल! मी त्यांना चहा पाजला आणि हो म्हणालो. ते गेल्यावर मात्र — पण नको, असं मधूनच नको.

मी गोविंद. दिवसा गिरणीत साच्यावर कापड विणायचं, संध्याकाळी मंडळाच्या तालमीत, आणि प्रयोगाच्या दिवशी बाई. गावी दशावतारात राणी व्हायचो, मुंबईत आल्यावर आई, वहिनी, सावत्र आई — म्हणाल ती. हसताय? अहो, माझा पदर कसा राहतो ते बघायला परळ-लालबागच्या बायका पुढे जागा धरून बसायच्या. साडी नेसावी तर गोविंदानं, असं आया लेकींना ऐकवायच्या. आज कुणी काही म्हणो, ते खोटं नव्हतं.

नाटक लिहिलं आणि बसवलं बापटांनी. गिरगावातले, फोर्टात कुठल्याशा कचेरीत कारकून. ऑफिस सुटलं की चळवळीच्या सभा, आणि सभा नसली की आमच्या तालमी. माणूस सरळ होता. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "गोविंदराव, राग मानू नका, पण ही आई खरी बाईच हवी. आपण आपला महाराष्ट्र मागतोय, आणि स्टेजवर बाई तेवढी खोटी उभी करायची?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. दुसरं काय करणार होतो?

खरी बाई म्हणून आली ती कुसुम. नायगावच्या चाळीतली, विशी ओलांडलेली, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला. घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. नाटकाला बाप तयार नव्हता. आईनं मध्ये पडून तोड काढली — एक प्रयोग करू दे, कुणी नाव ठेवलं की बंद. म्हणजे पोरीचं सगळं त्या एका प्रयोगावर होतं. आणि हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

शेवटचा प्रवेश असा — पोराचं प्रेत आणून ठेवलंय, आणि आईनं एका टोकापासून तिथवर चालत जायचं. बोलायचं काही नाही. पहिल्या तालमीला कुसुमला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. ती नुसती चालली. दिवसभर उभं राहून आलेली बाई घरी चालते ना, तशी — अख्खं पाऊल टेकवत, हात सरळ सोडलेले, घाई नाही. पेटीवाल्याचे हात पेटीवरच राहिले. इतकी वर्षं बाया करून मला जे सापडलं नव्हतं ते ही पोरगी कामावरून येता येता घेऊन आली होती.

बापटांना ते दिसलं का? नाही. त्यांचे डोळे कायम कागदावर, आपलं लिहिलेलं कुणी गाळत तर नाही ना, यावर. ते म्हणाले, छान, छान, गोविंदराव, हिला तेवढी जरा स्टेजची चाल शिकवा.

शिकवली. इथेच आहे सगळं. तिला एका शब्दानं दुखावलं नाही, की कधी आवाज चढवला नाही. केसानं गळा कापतात तसं केलं. माझी स्वतःची जुनी चाल तिच्या अंगावर चढवली — आधी चवडा, मग टाच, कंबर जराशी मोडलेली, पदराचं टोक दोन बोटांत. पुरुषाला बाई दिसायचं असतं तेव्हा लागते ती चाल. खऱ्या बाईला ती कशाला? तिलाही ते कळलं होतं. एकदा म्हणाली, "दादा, माझी आई अशी नाय चालत." मी म्हणालो, "तुझी आई स्टेजवर चालते काय?"

तिनं पदराचं टोक पुन्हा दोन बोटांत धरलं. मला गुरू मानत होती ना. घरी गॅलरीत घोटून घोटून तिनं ती चाल अशी बसवली, की माझ्यात आणि तिच्यात फरक उरला नाही.

लोक म्हणतील, जातीवरून केलं. नाही. कुणाचीही लेक असती तरी केलं असतं. पण ती आमच्या चाळीतली, आमच्या भावकीतली असती, तर माझी एवढी छाती झाली असती का? बघा, या प्रश्नाशी आलो की माझी जीभ अजून अडखळते.

प्रयोगाला मैदान भरलं होतं. आधी घोषणा झाल्या, मग नाटक. कुसुम सगळे प्रवेश चांगली बोलली, बायका डोळे पुसत होत्या. शेवटी ती प्रेताकडे निघाली — चवडा, टाच, पदर दोन बोटांत. मी विंगेत उभा होतो. मागून एक आमच्या कोकणातलाच आवाज आला, "अरे, हो तर आमचो गोयंदच!" आणि मैदान हसलं. पुढून मागपर्यंत हसलं. खरी बाई समोर उभी, आणि लोकांना वाटलं, पुरुष आहे.

ती थांबली नाही. हसण्यातून चालत प्रेतापर्यंत गेली, बसली, पडदा पडला. पुढच्या रांगेत तिची आई होती. आणि मला काय वाटलं म्हणता? माझं नाव ऐकू आलं म्हणून बरं वाटलं. हेही सांगून टाकतो, उगाच गाळायचं कशाला?

कुसुम पुन्हा तालमीला आली नाही. बापट नायगावला जाऊन आले, बापानं दारातूनच परत पाठवलं. पुढचा प्रयोग ठरलेला, तेव्हा लुगडं आलं माझ्याकडे. आणि त्या प्रयोगात, मंडळी, मी माझी चाल चाललो नाही. तिची चाललो. अख्खं पाऊल, हात सोडलेले, घाई नाही. मैदानात एकही माणूस हसला नाही. बापट रडले. त्यानंतर गिरणगावात जिथे जिथे ते नाटक झालं तिथे लोक त्या चालीसाठी आले. पोटासाठी केलं म्हणू? पोट गिरणी भरत होती. वय लहान होतं म्हणू? तिशी उलटली होती. मला ती चाल हवी होती. मी घेतली. आणि कुणी सांगितलं म्हणून ती परत देता येत नाही, ती माझ्या पायांत मुरली आहे.

काल मंडळाच्या नव्या नटीला शिकवून आलो. खरी शिकवली, पूर्ण शिकवली. कुणाची, ते तिनं विचारलं नाही.

पण तेव्हा एकीला ठाऊक होतं. शिवडीच्या प्रयोगाला कुसुम आली होती. बायकांच्या मागे उभी राहून तिनं सगळं पाहिलं. मी रंग पुसत बसलो होतो तिथे येऊन म्हणाली, "दादा, आता बरोबर चाललात." आवाजात राग नव्हता. वाट बघत उभी राहिली. मी आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "मग! इतक्या वर्षांची मेहनत आहे."

ती आली तशीच चालत गेली. त्या नाटकात चाल तिची होती, शब्द बापटांचे होते. माझं स्वतःचं असं ते एवढंच वाक्य.