टेलरकाकूंनी मोजलेले प्रवासी

टेलरकाकूंनी आयुष्यात कधी अंदाजाने कापड कापलं नाही. त्यामुळे रेल्वेचे साहेब म्हणाले, "तुमच्या स्टेशनवर प्रवासीच नाहीत," तेव्हा त्यांनी विचारलं, "मोजले कुणी?"

साहेबांनी कागद पुढे सरकवला. रोजचे प्रवासी अकरा. अकरा जणांसाठी संध्याकाळची पॅसेंजर सोडता येत नाही.

काकूंना ती गाडी सुनेसाठी हवी होती. सून शहरातल्या इस्पितळात नर्स. पुढच्या महिन्यापासून तिची पाळी सातला सुटणार आणि परतीची शेवटची गाडी सहाची. गाडी नाही तर नोकरी नाही. लग्नानंतर तिला नर्सिंगला घातलं होतं ते काकूंनीच, रात्रंदिवस मशीन चालवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू फलाटावर हजर. गळ्यात टेप, हातात खडू. चढणाऱ्या प्रत्येकामागे भिंतीवर एक रेघ. गाडी हलली तेव्हा रेघा भरल्या एकशे बासष्ट.

"भिंत घाण केलीत, काकू," तिकीटबाबू म्हणाला.

"पुसते. आधी सांग, अकरा सोडून बाकीचे फुकटे आहेत का?"

"छे हो. पास आहेत सगळ्यांकडे. पण शहरात काढलेले. माझी खिडकी उघडते दहाला, तोवर सगळे गेलेले. आणि पास जिथे निघतो, माणूस तिथलाच धरतात."

काकू घरी आल्या. संध्याकाळी सुनेकडे पास मागितला. शिक्का शहराचाच.

"घरातच माप चुकलंय."

"अहो आई, तिथे पटकन होतं काम."

"म्हणूनच इथे गाडी होत नाही."

त्या दिवसापासून दुकानात नवा नियम आला. इथल्या खिडकीचा पास दाखवा, मगच शिवलेला कपडा हातात. रोज शहरातल्या शाळेत शिकवायला जाणारे गुरुजी वैतागले.

"काकू, माझी पँट ओलीस ठेवलीत?"

"ठेवलीय. रविवारी पास काढा, इस्त्री करून देते."

रविवारी खिडकीपुढची रांग पार रस्त्यावर गेली. दुपारी बाबूचा छपाईचा कागद संपला. त्याच्या नोकरीत हे पहिल्यांदाच झालं.

महिना संपायच्या आत काकू पुन्हा साहेबांसमोर बसल्या. नवा आकडा होता एकशे अठ्ठेचाळीस.

"पंधरा दिवसांत एवढी माणसं आणलीत कुठून?"

"आणली नाहीत, साहेब. होतीच."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तीन महिन्यांसाठी साडेसातची गाडी मंजूर केली, चाचणी म्हणून.

पहिल्या संध्याकाळी अर्धं गाव फलाटावर होतं. इस्त्रीची पँट घातलेले गुरुजी म्हणाले, "जिंकलात, काकू."

"कच्चा टाका आहे, गुरुजी. ओढला की उसवतो." काकूंनी पिशवीतून खडू काढला.

गाडी थांबली. माणसं उतरू लागली, भिंतीवर रेघा वाढू लागल्या. सून जवळ येऊन उभी राहिली.

"आई, आले मी."

"दिसलीस. तुझी रेघ ओढली," काकू म्हणाल्या. "आता बाजूला हो जरा. मागचे मोजायचेत."