जोसेफ काकांचा खोकला

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. संघटनेतल्या मित्रांजवळ नाही, घरी नाही. दुसऱ्यांची लपवाछपवी चव्हाट्यावर आणणं हे माझं काम. कोणत्या कार्यालयाने कोणता कागद दाबला यावर मी किती पत्रकं लिहिली असतील? ‘माहिती दडवणारा गुन्हेगारच’ हे वाक्य माझं आहे, अमरावतीच्या दोन-चार भिंतींवर ते अजून दिसतं. आणि माझ्याच लॅपटॉपमध्ये ‘जुनी पत्रकं’ नावाच्या फोल्डरात चार वर्षांपासून एक फाईल पडून आहे.

सांगतो. पण एकदम सांगता येत नाही — वानखडे सरांपासून सुरुवात करावी लागते.

राजापेठेत सरांचा इंग्रजीचा क्लास होता. तिथे मी व्याकरण कमी आणि पत्रक लिहिणं जास्त शिकलो. “वाक्य लहान कर बे. मानूस रस्त्यात उभा राहून वाचते.” सर मूळचे अकोल्याचे. त्यांचे वडील तिथल्या एका मिशनच्या शाळेत माळी होते, आणि हॉलमधल्या पियानोवर एका मॅडमने माळ्याच्या या पोराला बसवलं होतं. पुढे तो पोरगा जॅझ वाजवायला लागला. वऱ्हाडात जॅझ? मीही नाक मुरडलं होतं — साहेब लोकांचं संगीत म्हणालो होतो. सर एवढंच म्हणाले, “अमेरिकेत ज्यायच्या आज्याले गुलाम म्हनून बाजारात विकलं त्यायनं उभं केलं हे. तू कोनाले साहेब म्हनून राह्यला?” त्यानंतर मी गप्प बसून ऐकायला शिकलो.

ते तिघं होते. सर पियानोवर. लग्नाच्या बँडपार्टीतले सलीमभाई ड्रमवर. आणि रेल्वेतून रिटायर झालेले जोसेफ काका — माणसाएवढ्या उंच बासच्या जाड तारा बोटांनी छेडायचे. वाजवायची तीच जुनी अमेरिकन गाणी, जगभरचे जॅझवाले जी पिढ्यानपिढ्या वाजवत आलेत. पण दर वेळी वेगळी. दोनदा सारखं वाजवलं तर वाजवणारा झोपला समजायचं, असं सर म्हणायचे.

जोसेफ काकांची बोटं आखडत चालली होती. म्हणून ठरलं, शाळेच्या त्याच हॉलमध्ये, चाळीसेक लोकांसमोर, एकदाच वाजवायचं आणि रेकॉर्ड करून ठेवायचं. नागपूरहून माणूस येऊन पियानो सुरात लावून गेला. मशीन माझं — जनसुनावणीत लोकांच्या जबान्या टिपायला घेतलेलं. पहिल्या रांगेत माईकशेजारी मी कानाला हेडफोन लावून बसलो.

आणि त्याच शाळेविरुद्ध आमचं आंदोलन चालू होतं. दोन शिपायांना नोटीस न देता काढलं होतं. शनिवारी या कार्यक्रमाला मुख्याध्यापक हॉलमध्ये सापडतील, हे संघटनेतल्या पोरांना कोणी सांगितलं? मीच. कार्यक्रम संपल्यावर गाठा, हे सांगायचं राहिलं. राहिलं की सांगितलं नाही? आता मलाही नक्की आठवत नाही.

एप्रिलची दुपार. आवाज येतो म्हणून पंखे बंद, खिडक्या बंद. लोक घामाने निथळत होते, पण कागदाने वाराही घेत नव्हते. तीन गाणी झाली. अशी झाली की मी पहिल्यांदा पत्रक, मागण्या सगळं विसरलो. चौथ्याला सरांनी पियानो हळूहळू थांबवला आणि जोसेफ काका एकटेच वाजवू लागले. एकट्याचं सुरू करायच्या आधी ते खोकायचे — दर वेळी, दोनदा. तसे खोकले. मग डोळे मिटून एकेक सूर, जणू एखाद्याला हाताला धरून जिना उतरवत आहेत.

तेव्हा दार उघडलं. “लढेंगे—”

आंदोलनात राहिलेल्या माणसाला विचारा. पुढचा शब्द तो विचार करून म्हणत नाही. तो तोंडातून येतो. मुठीसकट.

“जीतेंगे!” मी ओरडलो. माईकपासून दीड हातावर.

वाजणं थांबलं. सरांनी पियानोचं झाकण लावलं. मुख्याध्यापक, पोरं, आरडाओरड. सगळ्यांचे डोळे दाराकडे; मीही ओरडलो हे त्या गलक्यात कोणालाच कळलं नाही. सर उलट म्हणाले, “पोट्टे बराबर बोलून राह्यले. त्या दोघायले घ्या कामावर.” मग माझ्याकडे वळले. “आलं का रे? जेवढं झालं तेवढं?”

हो म्हणालो असतो तर? त्यांनी तिथेच ऐकायला मागितलं असतं. आणि त्यात सगळ्यात मोठा, सगळ्यात स्वच्छ आवाज माझा होता.

“नाही सर. बटन दाबल्याच गेलं नाही.”

जोसेफ काका हसले. “म्हंजे आमी वाजवलंच नाई म्हना. बरं झालं, चुका वाचल्या.”

ओरडलो त्याचं काही नाही. ती सवय होती, सरांनी ती हसून सोडून दिली असती. पण मी खोटं बोललो, आणि ते रोज नव्याने बोलत राहिलो. शिपाई कामावर परत आले. तो विजय मी भाषणात सांगतो. त्यातलं हे कधी सांगितलं?

त्यानंतर ते तिघं पुन्हा जमले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात जोसेफ काका गेले. दफनविधीनंतर त्यांच्या बायकोने, स्टेला मावशीने, मला बाजूला घेतलं. “बेटा, तुह्या मशीनमंदी त्यायचं काईच नाई का? वाजवनं नसलं तरी चालते. खोकला असला तरी चालते.”

खोकला आहे. चार वेळा आहे. तेव्हाही होता, माझ्या पाठीवरच्या बॅगेत.

“नाही मावशी,” मी म्हणालो.

यापेक्षा वाईट वाक्य मी आयुष्यात बोललो नाही. त्यातला गुन्हा कळायला पत्रक लागत नाही.

क्लास बंद करून सर अकोल्यालाच परत गेलेत. त्यांचे हात आता थरथरतात. बशीत चहा सांडतो. परवा फोनवर बोलता बोलता म्हणाले, “त्या दिवशी चौथं बरं लागून राह्यलं होतं, नाई?” मी म्हणालो, हो सर.

फाईल मी कापलेली नाही. एका झटक्यात माझा आवाज काढता आला असता. तसं करायला बसलोही होतो — मग बंद केलं. उद्या सकाळच्या एसटीने अकोल्याला जातो. सरांना मावशीच्या घरी बोलावलंय, कशाला ते सांगितलेलं नाही. तीन गाणी होतील. मग काका दोनदा खोकतील, आणि वाजवतील. मग दार उघडेल.

मग मी ऐकू येईन. तेव्हा खोलीतून उठून जाणार नाही.